गाडीत सांडलेला चीक

पार्श्वभूमी

हे प्रकरण सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीतलं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत, पण गाडीत जे झालं ते जसंच्या तसं सांगतो. घरात काका-काकू, मुलगा, सून आणि चार वर्षांचा नातू. गाडी सहा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. आतून फिका बदामी रंग, जो शोरूममध्ये सगळ्यांना आवडतो आणि पहिल्या पावसाळ्यानंतर कुणालाच आवडत नाही. कापडी सीट, खाली कार्पेट, वर रबरी मॅट.

मी त्यांचा खालच्या मजल्यावरचा शेजारी. गाड्या धुणं हा माझा धंदा नाही. स्वतःची गाडी आतून-बाहेरून स्वतः साफ करतो, एवढंच. सोसायटीत कुणाच्या सीटवर कोकम सरबत सांडलं की बेल माझी वाजते. या वेळी ती सहाव्या दिवशी वाजली. त्यामुळे पहिल्या पाच दिवसांचं मी लिहितो ते त्यांच्याकडून ऐकलेलं, पुढचं हाताने केलेलं.

जुलैतला रविवार. भोरजवळच्या गावी नातेवाइकांकडे गाय व्यायली होती. निघताना त्यांनी चीक दिला, दोन लिटरच्या स्टीलच्या किटलीत, वरून फडकं बांधून. किटली ठेवली पुढच्या डाव्या सीटच्या मागे, पायाशी, दोन पिशव्यांच्या मध्ये टेकवून. खेड शिवापूरच्या आसपास एका गतिरोधकावर गाडी जरा जोरात आदळली. थोड्या वेळाने नातू म्हणाला, "आजी, माझा पाय गार झाला." किटली आडवी झाली होती आणि निम्म्याहून जास्त चीक खाली गेला होता. म्हणजे लिटरभर तरी.

घरी पोचायला नऊ वाजले, पाऊस चालू होता. मॅट काढून धुतली, कार्पेटवर जुने पेपर दाबले, आणि सगळे वर गेले. किटलीत उरलेल्या चिकाचा खरवस रात्रीच झाला. वेलदोडा-केशर घातलेला, छान थिजलेला. एक वाटी मलाही आली. या खरवसाची आठवण ठेवा, पुढे लागेल.

पहिले पाच दिवस

सोमवारी सकाळी काकूंनी गीझरचं कढत पाणी बादलीभर खाली नेलं, धुण्याची पावडर टाकली आणि कार्पेट ब्रशने खसाखसा घासलं. उरलेलं पाणी तिथेच ओतून फडक्याने टिपून घेतलं. वरून स्वच्छ दिसलं.

काकूंना दोष देण्यात अर्थ नाही. पण गंमत अशी की स्वयंपाकघरात चिकाच्या भांड्यात त्यांनी कढत पाणी कधीच घातलं नसतं. दुधाचं पातेलं आधी गार पाण्यात भिजत टाकायचं हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे. गाडी म्हटल्यावर मात्र गोधड्या धुण्याचा नियम लागू झाला: कढत पाणी, पावडर, घासणी.

चिकात साध्या दुधापेक्षा कितीतरी जास्त प्रथिनं असतात. म्हणूनच विरजण नको, आटवणं नको, नुसत्या वाफेवर तो थिजतो आणि वड्या पडतात. काकूंनी सोमवारी गाडीच्या कार्पेटमध्ये नेमकं तेच केलं. जो चीक गार पाण्याने पातळ होऊन बराचसा निघून आला असता, तो धाग्यांच्या मुळाशी आणि त्याखालच्या थरात जागच्या जागी थिजला. वर बादलीभर पाणी मुरलं ते वेगळंच.

मंगळवारी काही वाटलं नाही. बुधवारी आंबूस वास आला. गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद, त्यामुळे धुण्याचा प्रश्नच नव्हता. मुलाने येताना लिंबाच्या वासाची जेलची डबी आणून डॅशबोर्डवर चिकटवली. शुक्रवारी काकांनी काच किंचित खाली करून आत कापूर ठेवला. शुक्रवारीच शाळेत जाताना नातवाला उलटी झाली. ती नशिबाने रुमालावर आणि दाराच्या प्लास्टिकवर आली. त्या रात्री काका खाली आले. "अरे, जरा वास घेऊन बघ," म्हणाले, "आंबलेलं दूध, लिंबू आणि देऊळ, तिन्ही एकदम येतं."

पुढच्या सोमवारी काकूंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. म्हणजे हातात शनिवार-रविवार.

आधी ओल कुठली ते शोधणं

साफसफाईला हात घालण्यापूर्वी मी अर्धा तास नुसता तपासण्यात घालवला. सगळ्यांना तो फुकट वाटला. पण पावसाळ्यात गाडीत ओल आणि वास असेल तर कारणं एकाहून जास्त असू शकतात. एसी चालू असताना आतल्या कॉइलवर हवेतलं पाणी जमतं आणि एका रबरी नळीवाटे गाडीखाली ठिबकतं. ती नळी पानं-मातीने तुंबली की पाणी मागे फिरतं आणि पुढच्या डाव्या बाजूला पायाशी झिरपतं. काचेखालच्या जाळीत कचरा अडकला किंवा दाराखालची पाणी जाण्याची भोकं बुजली, तरी पाणी आत येऊ शकतं. असं असेल तर कितीही धुवा, आठवड्याने वास परत.

गाडी सुरू करून पंधरा मिनिटं एसी लावला. खाली नियमाने थेंब पडत होते, म्हणजे नळी मोकळी. पुढच्या डाव्या पायाशी टिश्यू पेपर टाचेने दाबला, कोरडा निघाला. मागच्या डाव्या बाजूला तोच पेपर दाबला तर तळहाताएवढा ओला झाला, आणि त्याला पिवळट झाक होती. कार्पेट वरून हाताला कोरडं लागत होतं, पण भार दिला की खालून ओल वर येत होती. ओल पावसाची नव्हती, सोमवारच्या बादलीतली होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय अर्थातच बाहेर देण्याचा. मुलाने दोन ठिकाणी फोन केला होता. एकाने संपूर्ण आतल्या सफाईचे साडेतीन हजार सांगितले, सकाळी गाडी द्या, संध्याकाळी घ्या. मी विचारायला लावलं, कार्पेट उचलणार का? "वरून शाम्पू आणि व्हॅक्यूम होईल, उचलायचं असेल तर वेगळे पैसे आणि दोन दिवस." उत्तर प्रामाणिक होतं. पण संध्याकाळी परत मिळणारी गाडी जुलैत आतून वाळलेली नसणार, एवढं नक्की.

दुसरा पर्याय काकांचा. नवीन सीटकव्हर आणि जाड सेव्हन-डी मॅट टाकून द्यायची, "आपोआप जाईल वास." हा पर्याय जितक्या गाड्यांत वापरला जातो तितका दुसरा कुठलाच नसेल. ओलीवर झाकण घातलं की बुरशीची सोय होते, दुसरं काही होत नाही.

तिसरा, घरीच पण वरवर: पुन्हा एकदा धुणं, या वेळी गार पाण्याने. चौथा, घरीच पण कार्पेट उचलून.

चौथा ठरला, पण एका अटीवर. पुढची सीट सोडवायची नाही. सीट काढली तर काम सोपं होतं, चार बोल्ट तर असतात. पण पुढच्या सीटखाली वायरी असतात आणि त्यांतल्या पिवळ्या रंगाच्या जोडण्या एअरबॅगच्या असतात. त्या काढल्या आणि मध्येच किल्ली फिरली, तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला वर्कशॉप गाठावं लागतं. तज्ज्ञ नसलेल्या माणसाने एअरबॅगच्या वायरीशी खेळू नये, हे दिव्यापेक्षाही मोठं कारण. सीट पूर्ण पुढे सरकवून जेवढं जमेल तेवढं.

मागची बसायची गादी मात्र निघते. तिचा पुढचा काठ दोन्ही हातांनी सरळ वर ओढला की क्लिप सुटतात, निदान या गाडीत तरी तसंच होतं. त्याखाली पेट्रोलची टाकी येते, म्हणून हेअर ड्रायर, हीटर वगैरे तिकडे न्यायचं नाही, हेही तेव्हाच ठरवलं.

शनिवार: कोरडं काम

सामान असं जमलं: शेजाऱ्यांकडचा ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम (घरातल्या साध्या व्हॅक्यूमने पाणी ओढू नये, मोटर जाते आणि शॉकही बसू शकतो), झाडांवर पाणी मारायची फवारणीची बाटली, एक इंची रंगाचा नवा ब्रश, जुने टूथब्रश, सहा मायक्रोफायबर फडकी, दोन बादल्या आणि एन्झाइम असलेलं कपडे धुण्याचं लिक्विड.

सुरुवात गाडी रिकामी करण्यापासून. नेहमी वाटतं फारसं काही नसेल. निघालं ते असं: सुटे छत्तीस रुपये, सुकलेला गजरा, फुटाणे, पीयूसीची तीन जुनी प्रमाणपत्रं, नातवाचा हरवला म्हणून रडून झालेला डायनासोर, आणि सीटच्या फटीत एक चमचा. चमचा कुणाचा ते अजून कळलेलं नाही.

मग कोरडं काम, वरून खाली. आतली साफसफाई वेगाने व्हायची असेल तर क्रम सांभाळावा लागतो. छत, मग डॅशबोर्ड, दारं, सीट, शेवटी तळ. वरची धूळ खालीच पडणार, मग आधी तळ झाडून काय उपयोग? आणि धूळ कोरडी असतानाच ओढून घ्यायची. ओल्या फडक्याने पुसलेली धूळ म्हणजे चिखल, तो बटणांच्या कडांत जाऊन बसतो. एसीच्या जाळ्यांत एका हाताने ब्रश फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने व्हॅक्यूमचं तोंड शेजारी धरायचं. सीट एकदा पुढे, एकदा मागे, दोन्हीकडून. नुसत्या या कोरड्या कामाला सव्वा तास गेला, आणि अर्धी गाडी त्यातच साफ झाली.

छताला आम्ही फक्त कोरडा मऊ ब्रश लावला. छताचं कापड गोंदाने चिकटवलेलं असतं, ते भिजलं की गोंद सुटतो आणि कापड डोक्यावर लोंबायला लागतं.

डॅशबोर्ड आणि दारांसाठी पाण्यात थेंबभर लिक्विड, पण फवारा नेहमी फडक्यावर, प्लास्टिकवर नाही. बटणांच्या मागे वायरी आहेत. स्टिअरिंगवरून निघालेला काळा थर बघून मुलगा गप्प झाला. स्क्रीनला कोरडं फडकं. चकचकीत पॉलिश मी स्टिअरिंगला आणि पेडलला लावू दिलं नाही, हात आणि पाय दोन्ही सटकतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून वर कपडे वाळत घालायचा चिमटा लावला, ओल्या फडक्याने पुसले आणि वाळेपर्यंत चिमटा काढला नाही. ओला पट्टा आत गुंडाळला गेला तर तो तिथेच कुबट होतो. ब्लीच तर पट्ट्याच्या जवळपासही नको, धागा कमकुवत होतो.

काचा सगळ्यात शेवटी ठेवल्या. हे सगळं दीड तासात आटपलं. मुद्दा कार्पेटचा होता.

कार्पेट आणि त्याखालचा खरवस

दाराच्या उंबरठ्यावरची प्लास्टिकची पट्टी वर ओढली, क्लिप टकटक सुटल्या. मागची गादी काढली. कार्पेटची कड मोकळी झाली. उलटून पाहिली, आणि काकू दोन पावलं मागे सरल्या.

कार्पेटच्या पाठीवर पांढऱ्या-पिवळ्या कण्या चिकटल्या होत्या. अगदी खरवसाच्या चुऱ्यासारख्या, वरून बुळबुळीत. त्याखाली गाड्यांमध्ये आवाज अडवायला घालतात तो नमदा, म्हणजे दाबलेल्या चिंध्या-धाग्यांचा बोटभर जाड थर. तो स्पंजासारखा ओला होता. खालच्या पत्र्यावर थोडं पाणी साचलेलं. पत्र्याला गंज नव्हता, तो सुदैवाचा भाग.

आधी काढता येईल ते कोरड्याने काढलं. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने कण्या खरवडल्या आणि व्हॅक्यूमने ओढल्या. मग लिटरभर जेमतेम कोमट पाण्यात एक टोपण लिक्विड. एन्झाइमवालं लिक्विड घेण्याचं कारण हे की त्यातले प्रोटीएज प्रथिनांचे तुकडे करतात. साधा साबण चरबी सोडवतो, थिजलेलं प्रथिन त्याला दाद देत नाही. पाणी फार गरम नको, एन्झाइम मरतात, आणि वेळ द्यावा लागतो. फवारून, ब्रशने हलकं चोळून, वर प्लास्टिकची पिशवी अंथरून चाळीस मिनिटं ठेवलं. तेवढ्यात वरून चहा आला.

नंतर साधं पाणी फवारायचं आणि लगेच व्हॅक्यूमने ओढायचं. फवारा, ओढा, फवारा, ओढा. बादली कुठेही ओतायची नाही. व्हॅक्यूमच्या टाकीत पहिल्यांदा ताकासारखं पाणी आलं, चौथ्या वेळी गढूळ, सातव्या वेळी जवळपास स्वच्छ. पाणी घालायला दोन मिनिटं लागतात आणि तेच काढायला वीस, म्हणून बाटली जेवढी छोटी तेवढं बरं.

नमद्याचं काय करायचं

इथे मी चुकलो. कार्पेट छान निघालं होतं, सगळे थकले होते, अंधार पडला होता. नमदाही तसाच फवारून-ओढून घेतला, वर खायचा सोडा भुरभुरवला आणि म्हटलं, रात्रभर राहू दे. सोडा आंबट वासाची आम्लं मारतो हे खरं. पण तो वरच बसतो, बोटभर जाड ओल्या थराच्या पोटात जात नाही.

रविवारी सकाळी सोडा ओढून घेतला, नमद्यात दोन बोटं खुपसली, हुंगली. वास तोच, फक्त दबलेला. शिवाय चिंध्यांच्या आत थिजलेला चीक ब्रशने निघणारच नव्हता. हा निर्णय आदल्या संध्याकाळी व्हायला हवा होता: नमदा धुवायचा की कापून टाकायचा?

काका कापायला तयार नव्हते. "कंपनीचं आहे ते. एकदा कापलं की झालं." त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. नमद्यामुळे रस्त्याचा आवाज आणि उष्णता अडते, आणि कापताना खालून जाणारी वायर तुटू शकते. धुण्याच्या बाजूने बोलायचं तर पैसे वाचतात. पण जुलैत पुण्याच्या हवेत आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असते. दोरीवरचा पंचा दोन दिवस वाळत नाही, तिथे पत्र्याला चिकटलेला नमदा कधी वाळणार? शेवटी सून म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याचा वास घ्या आणि मग ठरवा." काकांनी घेतला. कात्री स्वतःच आणली.

बोटाने चाचपत, वायरीचा पट्टा सोडून, साधारण दीड बाय दोन फुटांचा तुकडा कापून काढला. पत्रा धुऊन-पुसून कोरडा केला. नाना पेठेत गाड्यांच्या सामानाची दुकानं आहेत, पण रविवारी बहुतेक बंद. म्हणून नमदा सोमवारी आणायचा आणि तोवर कार्पेट तसंच उघडं ठेवायचं ठरलं. म्हणजे काकू सोमवारी डॉक्टरांकडे रिक्षाने गेल्या. ज्या मुदतीसाठी एवढी घाई केली ती हुकलीच. पण त्या हुकण्याने वाळवणाला एक दिवस जास्त मिळाला, आणि माझ्या मते पुढचं सगळं त्यामुळे नीट झालं.

वाळवण

गाडी आमच्या छपराखालच्या पार्किंगमध्ये. कार्पेटची कड उचलून त्याखाली दोन पालथे डबे ठेवले, म्हणजे दोन्ही बाजूंनी वारा लागेल. चारही दारं उघडी, एका बाजूला टेबल फॅन. मागची गादी वर घरात, पंख्याखाली उभी. कुणीतरी सुचवलं की इंजिन चालू ठेवून एसी लावा, एसी हवा कोरडी करतो. करतोच, पण तीन बाजूंनी भिंत असलेल्या पार्किंगमध्ये इंजिन तासन्‌तास चालू ठेवणं म्हणजे धुराने माणसाचा जीव धोक्यात घालणं. ते नाकारलं. संध्याकाळी पाऊस थांबला तेव्हा मुलाने काचा बंद करून आणि एसी लावून नवले पुलापर्यंत एक चक्कर मारली. पाऊण तासात काचेवरची वाफ गेली. कार्पेट मात्र पंख्यानेच वाळलं.

सोमवारी दुपारी गाडी सुरूच होईना. दारं दीड दिवस उघडी, आतला दिवा चालू, बॅटरी खलास. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, कारण दिवा बंद करायचं बटण डोक्यावर वीतभर अंतरावर होतं. दुसऱ्या गाडीवरून केबल लावून सुरू केली. काका काही बोलले नाहीत. काकू बोलल्या.

वास गेला का, हे ठरवणं

सोमवारी संध्याकाळी मुलगा नाना पेठेतून नमदा घेऊन आला. कापलेला तुकडा नमुना म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत नेला होता. दुकानदाराने पिशवी उघडली आणि लगेच बंद केली, असं तो सांगत होता. नमदा मापाने कापून बसवला, कार्पेट खाली घेतलं, क्लिप दाबल्या.

दोन दिवस त्या वासात काम केल्यावर आमची नाकं मेली होती. कुणाला काही येत नव्हतं, आणि त्याचा काही अर्थ नव्हता. म्हणून गाडी मंगळवारी दुपारपर्यंत काचा लावून बंद ठेवली आणि रविवारी संध्याकाळीच मुंबईला गेलेली सून परत आली तेव्हा तिला आत बसवलं. एसी बंद: "काही नाही." एसी चालू, आतलीच हवा फिरवण्यावर: तिने नाक मुरडलं. "आहे अजून. थोडा."

मग सापडलं. आठवडाभर पाऊस म्हणून काचा बंद आणि एसी आतल्या हवेवर होता. तीच आंबलेली हवा पुन्हापुन्हा एसीच्या फिल्टरमधून गेली होती, कापराच्या वासासकट. समोरचा कप्पा दोन्ही बाजूंनी आत दाबला की खाली झुकतो आणि मागे फिल्टर दिसतो. काढला तर राखाडी, कडांना पानांचा चुरा. तो झटकून परत लावावा असा एक क्षण विचार आला, पण नवा तीनशेच्या आसपास मिळतो. नवा लावला. त्यानंतर सुनेचा निकाल बदलला.

निष्पत्ती

एकूण खर्च नमदा, फिल्टर, लिक्विड आणि फडकी मिळून अकराशे रुपयांच्या आत. वेळ मात्र हिशेबात धरला तर चित्र बदलतं: तीन माणसांचा शनिवार, दोघांचा अर्धा रविवार, सोमवार-मंगळवारचे तुकडे. ज्याला वेळेची किंमत जास्त आहे त्याने, कार्पेट उचलून देणारा माणूस मिळत असेल तर, पैसे देऊन मोकळं व्हावं. फक्त "कार्पेट उचलणार का आणि किती दिवस वाळवणार" हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

तीन आठवड्यांनी, एका उन्हाच्या दुपारी, बंद गाडीत पुन्हा पुसट वास आला. या वेळी शोधायला वेळ लागला नाही. पुढच्या डाव्या सीटच्या सरकत्या रुळात, ग्रीसमध्ये, वाळलेल्या चिकाची पापडी होती. आम्ही सीट पुढे सरकवून काम केलं होतं, त्यामुळे रुळाचा मागचा भाग साफ झाला आणि पुढचा झाकलेलाच राहिला. सीट पूर्ण मागे घेऊन टूथब्रश आणि कानकोरण्याच्या कापसाने ती काढली. वीस मिनिटांचं काम.

पुन्हा करायचं झालं तर

सांडल्या सांडल्या, तिथेच रस्त्याच्या कडेला थांबून, जाड टॉवेल दाबून चीक टिपायचा. पुसायचा नाही, पुसल्याने तो पसरतो. घरी पोचल्यावर रात्रीचे नऊ असले तरी गार पाणी फवारून व्हॅक्यूमने ओढायचं. त्या रात्री हे झालं असतं तर नमदा वाचला असता, असं मला आजही वाटतं. मुलाला तसं वाटत नाही. त्याच्या मते लिटरभर चीक गतिरोधकापासून घरापर्यंतच्या तासाभरात खाली पोचलाच होता. दोन्ही शक्य आहे.

काकूंच्या कढत पाण्याइतकंच मला जेलच्या डबीबद्दल वाईट वाटतं. पाण्याने चीक थिजवला, डबीने दोन दिवस घालवले. लिंबाचा वास होता तोवर प्रत्येकाला वाटत होतं की काहीतरी उपाय चालू आहे.

माझ्याकडून दोन गोष्टी. नमदा शनिवारी संध्याकाळीच कापायला हवा होता. तेव्हाही माझ्या हाताला तो ओला लागत होता, मी थकवा आणि सोडा यांच्यावर भिस्त ठेवली. आणि दारं उघडी ठेवण्यापूर्वी दिवा बंद करायला हवा होता. काही गाड्यांत दिवा बंद करूनही बाकीची यंत्रणा जागी राहते. तिथे दाराची खिट्टी पेचकसाने बंद स्थितीत फिरवून ठेवतात, आणि दार लावण्यापूर्वी हँडल ओढून ती आठवणीने मोकळी करतात. नाहीतर दार आपटलं की खिट्टी वाकते.

रुळांचं मात्र मला सुचलं नसतं असंच म्हणावं लागेल. आता कुणाच्याही गाडीत काही सांडलं की मी सीट दोन्ही टोकांना नेऊन बघतो.

ऑक्टोबरच्या उन्हात काकांनी गाडी मुद्दाम दिवसभर उघड्यावर लावली आणि चार वाजता आत जाऊन बसले. पाच मिनिटांनी काच खाली करून म्हणाले, "वास नाही. पण नवा नमदा जाड आहे रे, मागची मॅट नीट बसत नाही." खरं आहे. डाव्या कोपऱ्यात ती अजूनही बोटभर वर उचललेली असते.